साप वळवणारा पाटकरी

त्या दुपारी कालव्याच्या चारीवर, म्हंजी शेतात पाणी नेणाऱ्या पाटावर, मी, माझी जाऊ सखू, शेजारचा बबन आन् कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी, एवढीच माणसं व्हती. पाटकरी त्या सालीच येडगावच्या कालव्यावर आलेला. मोबाईलबी तवा नवेच.

आमचं मालक वारल्यावर मी पहिल्यांदाच एकटीनं कांदा लावलेला. रोपं माना टाकत व्हती. बबनची पाण्याची पाळी सरून माझी लागली, पर चारीचं दार फिरवायची लोखंडी चावी पाटकऱ्याच्या मांडीवर आन् त्याची मान मोबाईलात. अंगठा चालायचा, जिभेचं टोक बाहेर, कानावरची बिडी तशीच.

"भाऊ, पाणी सोड की."

"मावशी, जरा दम धरा. साप लई लांब झालाय. हात काढला तर भिंतीला धडकून मरंल."

सखू म्हनली, "साप हाय तर दगूड घाल. कुरवाळतोस काय?"

साप मोबाईलातल्या खेळातला, ह्ये ठावं असलेला बबन हसत व्हता. त्याचं काय, पाणी त्याच्याच वावरात चाललेलं.

मी म्हनलं, "बायकू कशी नांदती रं तुझ्याजवळ?"

वर न बघता तो म्हनला, "घरात माझं कोन ऐकत न्हाई, मावशी. ह्यो तरी वळवीन तिकडं वळतो."

मला हसू आलं आन् कसंसंबी झालं. मालक गेल्यापासनं माझं तरी कोन ऐकत व्हतं? त्याच्या मांडीवरची चावी मीच उचलली. त्यानं नुसतं "उजवीकडं फिरवा" म्हनलं. पाणी माझ्या वाफ्यात शिरलं, रोपं जगली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोन असं मान खाली घालून बसत असंल, तर मोबाईल हिसकायच्या आधी त्याचं एक डाव ऐकून घ्या.