गिलाव्यावरची फुली

दसरा झाला की आमच्या गावातल्या भिंती उघड्या व्हायच्या. पावसाळाभर समुद्राकडच्या भिंतींना नारळाच्या चुडतांची झापं बांधलेली असत. ती सोडली की चार महिन्यांचा कोंदट वास अंगणभर सुटायचा आणि खाली गिलाव्याचं काय झालंय ते दिसायचं. दिवाळीआधी चुना मारायची घाई सगळ्यांनाच, पण माझ्या सासऱ्यांनी भिंत ठोकून पाहिल्याशिवाय गावात कुणी कुंचला भिजवत नसे. ही सत्तावन्न-अठ्ठावन्न सालच्या सुमाराची गोष्ट.

सासरे गवंडी. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. पुढे गुडघे गेले, परांचीवर चढणं बंद झालं, नवी कामं दुसऱ्यांकडे गेली. उरलं ते एवढंच, वर्षातून पंधरा दिवस गावभर फिरून भिंती तपासणं. त्याबद्दल ते नारळ आणि कपभर चहा घेत, बाकी काही नाही. पण ते पंधरा दिवस ते धुतलेलं धोतर नेसून निघत. 'म्हाताऱ्यान भित बरी म्हटल्यान' एवढं सांगितलं की पुढे कुणी शंका काढत नसे. त्या शब्दावरच ते वर्षाचे उरलेले दिवस काढत, असं मला वाटतं.

तपासायचं म्हणजे काय, तर थापीच्या लाकडी दांड्याने भिंतीवर हळू ठोकत जायचं. जांभ्या चिऱ्याची भिंत, वर चुन्याचा गिलावा. वरून गुळगुळीत दिसणारा गिलावा आतून चिऱ्यापासून सुटलेला असू शकतो, आणि ते डोळ्याला दिसत नाही. धरून असलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. बद्द वाजला की तिथे कोळशाने फुली. फुली पडली तेवढा भाग पाडून नव्याने करायचा.

फुली मारायचं काम माझं. नवरा मुंबईला गोदीत, चतुर्थीला यायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी आरोंद्याची, सातवी पास, हातापायाने धड. खाली वाकून फुल्या मारायला गुडघे देत नाहीत, तू चल, असं मामंजींनी सांगितलं आणि मी निघाले. घरात बसून तांदूळ निवडण्यापेक्षा मला ते बरंच होतं.

त्यांची एकच अट होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "रस्त्यार पदर घी. भितीकडे इलस की मागे सार आणि कमरेक खोव." कोळसा लागून लुगडं खराब होईल, हे त्यांनी दिलेलं कारण. सासऱ्यानेच सुनेला डोक्यावरचा पदर काढायला सांगायचा, हे आमच्याकडे नवलच. पण ऑक्टोबरच्या उन्हात मला ते सोयीचंच पडलं, मी जास्त विचार केला नाही.

त्यांच्या एका सवयीचा मात्र मला भारी राग यायचा. ठोकलं की ते वळून माझ्याकडे बघत. मग 'फुली' म्हणत, नाहीतर 'बरी आसा' म्हणून पुढे सरकत. पुन्हा ठोकणं, पुन्हा बघणं. शाळेत इन्स्पेक्टर आले की पोरं नीट बसलीत का बघायचे, तसं मला वाटे. मी काय झोपा काढत होते? माझ्या मनातलं तोंडावर आल्याशिवाय राहत नाही, हे आई लहानपणापासून सांगायची. बद्द आवाज आला की माझं तोंड वाकडं व्हायचंच, कारण आता हे अर्धा तास थांबणार, ज्या गवंड्याने काम केलं त्याचा उद्धार करणार, चुना भिजवला नाही, पुळणीवरची खारी रेती न धुताच घातली, हे सगळं मला पाठ होतं.

गावात कुजबुज होतीच. मामंजींचे चुलत भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, त्यात पुढे. तरणी सून घेऊन घरोघर काय फिरतोस, असं त्यांनी आमच्या पायरीवर बसून विचारलं होतं. मामंजी सुपारी कातरत राहिले, ऐकूच न आल्यासारखे. मला त्यांचं तेव्हा कौतुक वाटलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर किरिस्ताव, शाळेतून निवृत्त झालेले. नाताळ झाल्यावर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून त्यांना भिंती लवकर तपासून हव्या होत्या. घर मामंजींनीच बांधलेलं. पुढच्या दाराला कमान, कमानीवर जाड गिलाव्याची नक्षी, खाली बाक. त्या घरावर मामंजींचा जीव होता.

व्हरांड्यात माणसंच माणसं. गोव्याकडचे पाहुणे, चर्चमधले दोघे आणि त्यांच्यात चहा पीत बसलेले माझे चुलत सासरे. त्यांना बघितलं आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. पदर नाकापर्यंत ओढला, मान खाली घातली, आणि हातात कोळसा घेऊन मामंजींच्या मागे उभी राहिले. मामंजी वळून म्हणाले, "पदर." मी ऐकलं आणि हलले नाही. चुलत सासऱ्यांसमोर डोकं उघडं टाकायला माझी छाती झाली नाही.

पाहुण्यांसमोर मामंजी दुसऱ्यांदा बोलले नाहीत. पायरीवर उभं राहून त्यांनी कमानीवर ठोकलं. बद्द. मला स्वच्छ ऐकू आलं. ते वळले, पदराखालून मला त्यांचे पाय दिसले, तेवढेच. ते थांबले. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. मी फुलीची वाट बघत होते.

"बरी आसा," ते म्हणाले.

मी मूग गिळून उभी राहिले. चार माणसांत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? शिवाय मनात म्हटलं, घर त्यांचं, कमान त्यांची, जन्म भिंतींत गेलाय त्यांचा, मला काय कळतंय. आपल्या सोयीचं कारण माणसाला लगेच सापडतं.

आठ दिवसांनी दुपारी कमानीचा गिलावा सुटला. मास्तरांची बायको खालच्या बाकावर बसून खोबरं कातत होती. डोकं वाचलं, उजव्या हाताचं मनगट मोडलं. तिला सावंतवाडीला नेऊन हात बांधून आणला. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आणि आईचा उजवा हात गळ्यात.

कुणी भांडायला आलं नाही. पण त्या दिवसापासून बोलावणीही येईनात. अजून सात-आठ घरं राहिली होती, त्यांनी न विचारताच चुना मारायला घेतला. मामंजी सकाळी धुतलेलं धोतर नेसून पायरीवर बसत. दुपार झाली की आत येऊन पानावर बसत. जेवण तसंच पानात राही.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. पेज वाढताना मी सांगितलं, कमान बद्द वाजली होती, मी ऐकलं होतं, चुलत सासऱ्यांना भिऊन बोलले नाही. एरवी आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्यामुळे सगळेच मोठ्याने बोलतात. मी मात्र ते पुटपुटले, पण त्यांच्याकडे बघत. ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"माका म्हायती आसा," ते म्हणाले. "दोन वर्सां माका भितीचो आवाज आयकाक येना नाय. मी तुझ्या तोंडार बघी होतंय. त्या दिवशी तुझा तोंड दिसला नाय."

पदराची अट, दर ठोक्याला वळून बघणं, पायरीवरचं ते न ऐकणं, सगळं एका दमात उलगडलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी चुलीकडे तोंड करून रडले. रागही आला त्यांचा. आधी सांगितलं असतं तर? पण सांगितलं असतं, तर ते पंधरा दिवस तरी त्यांचे कुठे राहिले असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थापी घेऊन निघाले. मला चल म्हणाले नाहीत, मीच मागोमाग गेले. मास्तरांच्या व्हरांड्यात पुन्हा माणसं होती, चुलत सासरेही होते. मास्तरांची बायको हात झोळीत घेऊन बसली होती. मामंजी तिच्यासमोर उभे राहिले.

"मास्तरानू, चूक माझी," ते म्हणाले. "दोन वर्सां माका आवाज आयकाक येना नाय. मी ता लपवन ठेवलंय."

माझ्याबद्दल, पदराबद्दल एक अक्षर नाही. चुलत सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मास्तरांनी गिलावा पडलेल्या कमानीकडे बघितलं. मग म्हणाले, बाकीच्या भिंतींचं काय? लग्नाचा मांडव त्याच भिंतींना लागून उभा राहायचा होता.

मामंजींनी थापी माझ्यापुढे धरली. "आता तू ठोक. कोळसो माका दी."

मी पदर मागे सारला आणि कमरेला खोवला. चुलत सासऱ्यांकडे बघितलं नाही. खिडकीच्या बाजूने ठोकत गेले. टणक, टणक, टणक. कोपऱ्यावर बद्द.

"पोकळ," मी म्हटलं. इतक्या माणसांसमोर आवाज घशातल्या घशातच राहिला. मामंजी कोळसा धरून वाट बघत होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी वळले आणि तोंड पूर्ण त्यांच्याकडे केलं. त्यांनी फुली मारली.