बाबांनी लपवलेला वास

नोकरी सोडल्यावर मी सांगलीत घरीच पाव भाजायला लागले. यीस्ट न घालता, पीठ आंबवून केलेला, जाड सालीचा. दर पंधरवड्याला रहिमतपूरला बाबांकडे जाताना एक घेऊन जायचे. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात.

"सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो," असं मी दर वेळी बजावायचे. चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर कापून फ्रीजरमध्ये टाका, हेही सांगायचे. ते "व्हय व्हय" म्हणायचे.

गेल्या श्रावणात सकाळीच पोचले, तेव्हा ते चहा पीत होते. बशीत मी मागच्या खेपेला आणलेल्या पावाचा तुकडा होता, एका बाजूने सुरीने तासलेला. मुंग्या लागतात म्हणून त्यांनी पाव पिशवीत घालून डब्यात ठेवला होता. डबा उघडला तर कुबट वास नाकात शिरला. उरलेल्या पावावर हिरवट बुरशी होती.

"बाबा, हे खाताय तुम्ही?"

"हिरवं काढून टाकलंय की."

"वरचं काढून काय उपयोग? बुरशी आत पसरलेली असते, दिसत नाही. आणि वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वास येत न्हाई. ताप आला हुता न्हवं, तवापासनं."

त्या तापाला सात महिने झाले होते. दूध नासायच्या आधी ओळखणारा हा माणूस. लहानपणी डाळ आंबली का हे ठरवायला आई पातेलं त्यांच्याच नाकाखाली धरायची.

"सांगितलं का नाही?"

"तू मला सांगलीला न्हेशील म्हणून."

रागवायचं मनात होतं, पण जमलं नाही. कारण त्यांचं खरं होतं, मी नेलंच असतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वास परत येईल किंवा येणारही नाही. बाबा रहिमतपूरलाच राहिले. शेजारच्या वहिनी आता रोज सकाळी दूध आणि कालची भाजी हुंगून देतात. पाव मी कापूनच नेते आणि स्वतः फ्रीजरमध्ये ठेवते. डाग दिसला, बोटाला चिकट लागलं किंवा नुसती शंका आली, तरी सगळा टाकायचा, असं ठरलंय. अन्न टाकताना त्यांचा जीव अजून तुटतो. पण टाकतात.

परवा ताजा पाव नेला होता. साल मोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सवयीनं नाकाशी नेली, थांबले, आणि माझ्यापुढे धरली.

"कसा येतुया, सांग."

मी डोळे मिटले. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हटलं. आणि मागून थोडा ताकासारखा.

"ताक आजचं का कालचं?"

"आजचं."

"मग बरा झालाय," म्हणाले, आणि खायला लागले.