मालकाला न दिलेला पासवर्ड

दत्ताच्या गावाहून, खोडदहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला कांद्याचं बी दाखवत होतो. दत्ता गेला... शाळेपासूनचा माझा मित्र, शेती सांभाळून पंचक्रोशीतले कॉम्प्युटर बघणारा. बियाची पिशवी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

कळंबच्या माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात बऱ्याच वर्षांपूर्वी कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. मला वाटलं, आता लगेच बिलं सुरू. हा मात्र दिवसभर एकेक गोष्ट बंद करत बसला. सीडी घातली की आपोआप चालू होणं बंद. इंटरनेटवरून आत यायच्या नको त्या वाटा बंद. सिस्टिममधली भगदाडं बुजवणाऱ्या, पुण्याहून सीडीवर आणलेल्या दुरुस्त्या चढवल्या. शेवटी मला एक साधं खातं उघडून दिलं. त्यात बिल करता येई, नवा प्रोग्रॅम टाकता येत नसे. तो अधिकार दुसऱ्या खात्याला, आणि त्याचा पासवर्ड दिला माझ्या बायकोला, कमलला. माझा पाराच चढला.

"माझ्याच दुकानात मी पाव्हणा का रे?"

"शेठ, बिलं फाडायला मालकपण कशाला लागतंय?" तो शांतपणे म्हणाला. "बाहेरची घाण आत आली, तर तुझ्याच हक्कानं हात-पाय पसरनार. तुला हक्कच न्हाई म्हटल्यावर तिचं काय चालतंय?"

त्या दिवशी त्याला चहा कमलने दिला. मी दिला नसता.

पुढे ऐन हंगामात नेटवरून कसलासा व्हायरस आला. बाजारपेठेतले कॉम्प्युटर चालता चालता आपोआप बंद पडू लागले. माझ्या दुकानाच्या साठ्याचा सगळा हिशोब, सगळी बिलं त्या एका डब्यात. पण आमचं मशीन बिलं काढत राहिलं. दत्ता आला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "आज तरी चा पाजशील का न्हाई?" चहा पाजला, भेळ खाऊ घातली. त्याचे उपकार तेवढ्याने फिटणारे नव्हते, हे तेव्हाही कळत होतं. माझा राग सोसून त्याने माझं दुकान राखलं.

गेल्या आठवड्यात कमल म्हणाली, "आता भावजी नाहीत. पासवर्ड तुम्हांलाच सांगून ठेवते."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी कुरकुर केली, ते आयतं समोर आलं. आम्हां जैनांत एखादी गोष्ट आपणहून सोडायचा नेम घेतात, त्याला पचखाण म्हणतात.

"नको, तुझ्याकडंच राहू दे," मी म्हणालो. "दत्तासाठी माझं पचखाण समज."