कागदावरच्या सहा ओळी

वैमानिकांना शिकवणाऱ्या त्या संस्थेत सगळे त्यांना दिवेवाल्या मावशी म्हणत. तळमजल्यावर सिम्युलेटर होता, म्हणजे विमानाची खोटी केबिन आणि तिच्या काचेपुढच्या पडद्यावर विमानतळ. पडद्यावरचे दिवे मांडणं हे मावशींचं काम. उतरणाऱ्या विमानाला वाट दिसावी म्हणून धावपट्टीच्या अलीकडे दर तीस मीटरवर दिव्यांची एक ओळ असते. प्रत्यक्षात जिथे असेल तिथेच ती पडद्यावर हवी. नाहीतर शिकणारा चुकीचा अंदाज डोळ्यांत घेऊन खऱ्या विमानात बसतो. मावशींची आधीची वीस वर्षं नकाशे काढण्यात गेली होती, त्यामुळे कागदावर किती विसंबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या शहराचा विमानतळ पडद्यावर नव्याने मांडला होता. पुढच्या शुक्रवारी तपासनीस येणार होते. त्यांची सही झाली नाही तर तयार चित्रं बाहेरून घेऊन मावशींचा विभाग गुंडाळायचा, हे साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. अशात एक शिक्षक म्हणाले, "लांबच्या दिव्यांपाशी काहीतरी खटकतंय."

"काहीतरी म्हणजे काय?"

"आता काहीतरीच, मावशी. तुम्हाला कळेल."

त्या 'काहीतरी'वर मावशी चार दिवस धुसफुसल्या. मग रविवारी नवऱ्याला स्कूटर काढायला लावून दिवेलागणीला विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"लोक बायकोला बागेत नेतात," नवरा म्हणाला.

"मोजा आधी."

"तूच मोज. माझं मोजलेलं तुला कधी पटलंय?"

दोघांनी तीनतीनदा मोजलं. विमानतळाने दिलेल्या नकाशाच्या कागदावर तीस ओळी होत्या, जमिनीवर चोवीस. टोकाच्या सहा ओळी रस्ता रुंद करताना उपटल्या होत्या. मातीत खांबांचे बुंधे तेवढे राहिले होते, आणि त्यांच्यावरून संध्याकाळ शांतपणे उतरत होती. मावशींनी फोटो काढले.

सोमवारी साहेब म्हणाले, "कागदावर तीस आहेत ना? मग तीसच ठेवा."

"जमिनीवर चोवीस आहेत."

"जमिनीपर्यंत कोण जाणार आहे बघायला?"

"विमान," मावशी म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन त्यांनी सहा ओळी पुसल्या.

शुक्रवारी तपासनीस, जे स्वतः जुने वैमानिक होते, पडद्यावरच्या धावपट्टीवर तीनदा उतरले आणि चष्मा काढून म्हणाले, "सहा कमी आहेत."

मावशींनी फोटो पुढे ठेवले. तपासनिसांनी ते एकेक करून पाहिले. "तुमचं बरोबर आहे. पण मी सही करतो ती कागदाशी ताडून. विमानतळाला पत्र पाठवतो. त्यांनी कागद दुरुस्त केला की येईन."

"म्हणजे खरं मांडलं म्हणून अडलं."

"तसं समजा."

पुढचे तीन महिने साहेब येताजाता तयार चित्रांच्या माहितीपुस्तिका मावशींच्या टेबलावर ठेवून जात. मावशी त्यांवर चहाचा कप ठेवत. अखेर विमानतळाचं उत्तर आलं. कागद त्यांनी दुरुस्त केलाच नव्हता. रस्त्याच्या अल्याडपल्याड उंच खांब रोवून सहाच्या सहा ओळी पुन्हा उभ्या केल्या होत्या.

मावशींनी पत्र दोनदा वाचलं. "एक आकडा खोडायचा होता," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तर मेल्यांनी खांब गाडले."

त्याने स्कूटरची किल्ली उचलली. कुंपणाशी या वेळी मोजायला अर्धा तास लागला, कारण मावशींना तीस हा आकडा पटतच नव्हता. पण तीसच भरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुसलेल्या सहा ओळी एकेक दिवा करत परत मांडल्या.

तपासनीस आले, उतरले, समाधानाने म्हणाले, "आता कसं खऱ्यासारखं वाटतंय."

"तेव्हाही खरंच होतं," मावशी म्हणाल्या आणि मंजुरीचा कागद पुढे सरकवला.

तपासनिसांनी सही केली. साहेबांनी कागदाकडे हात केला. पण मावशींनी तो आधी स्वतःकडे ओढून वाचला, आणि पेन तपासनिसांच्या हातात परत दिलं.

"तारीख कालची पडलीय."