चोरी न झालेले दिवस

त्या अकरा चोऱ्यांचा क्रम मला अजूनही न चुकता सांगता येतो. साल २०१६. डहाणू तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आशागडच्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत. तिथल्या विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची केबल दिवसाढवळ्या कापून नेली जात होती. सहा महिन्यांत अकरा गुन्हे दाखल झाले, उघड एकही नाही.

लागून असलेल्या पाच वाड्यांच्या मालकांनी मिळून दोन राखणदार ठेवले होते. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, अशी त्यांची पाळी. एक जण जवळच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. दुसरा तलासरीकडचा. पाड्यावरची वीसेक माणसं याच वाड्यांत चिकू उतरवण्याच्या कामाला जात.

खबर आली ती माझ्या जुन्या खबऱ्याकडून. तो म्हणाला, "साहेब, पाळी तपासा. माल जातो तेव्हा राखणीला बहुतेक वेळा तोच माणूस असतो."

मी वाड्यांच्या मुकादमाची हजेरीवही मागवली. आकडे जुळवायची मला पहिल्यापासून सवय. घरी गॅस सिलिंडर लावल्याची तारीखसुद्धा मी कॅलेंडरवर लिहितो. अकरा गुन्ह्यांच्या तारखा एका रकान्यात लिहिल्या, शेजारी राखणदार. अकरापैकी नऊ वेळा पाड्यावरचा. गुन्हा उघड झाल्याचं समाधान मला त्याच क्षणी वाटलं, हे कबूल करतो.

त्याला चौकशीला बोलावलं. लागोपाठ तीन दिवस. तो ओरडला नाही, रडला नाही. प्रत्येक वेळी एकच सांगायचा: "पाळी केली साहेब. चोरी नाय केली." मी विचारलं, मग तुझ्याच पाळीला का जातं सगळं? तो म्हणाला, आठवडी बाजाराच्या दिवशी सोबत्याला जावं लागतं, त्याची बायको चिंचणीची सुकी मासळी विकते, ओझं मोठं असतं, म्हणून त्याची पाळी मी घेतो आणि माझी एक त्याला देतो. मी ते जबाबात लिहून घेतलं आणि सबब समजून पुढे गेलो. अडकलेला माणूस दुसऱ्याचं नाव पुढे करतो, असा माझा अनुभव होता.

मालकांनी तर निकालच लावला होता. आजपासून त्या पाड्यावरचा एकही माणूस वाडीत घ्यायचा नाही, असं त्यांनी मुकादमाला सांगून ठेवलं. अटकेचे कागद माझ्या टेबलावर तयार होते.

त्याच आठवड्यात विद्यापीठातून एक संशोधक मुलगी वरिष्ठांची परवानगी घेऊन आमच्या ठाण्यात बसत होती. कोणत्या आरोपीला जामीन लवकर मिळतो, कोणाला नाही, आणि त्यामागे खरं कारण कोणतं, हे जुन्या नोंदींमधून शोधायचं तिचं काम. दुपारच्या चहाला मी मोठ्या ऐटीत माझा तक्ता तिच्यापुढे ठेवला.

तिने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "साहेब, ज्या दिवशी चोरी झाली नाही, ते दिवस कुठे आहेत?"

पोलीस ठाण्यात सगळ्याची नोंद असते, पण काहीच घडलं नाही तर गुन्हा कोण दाखल करणार? माझ्या तक्त्यात अकरा दिवस होते. सहा महिन्यांत दिवस एकशे ब्याऐंशी.

हजेरीवही पुन्हा उघडली. एकशे ब्याऐंशी दिवसांच्या तितक्याच चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर त्या दिवशीचा राखणदार लिहिला आणि सगळ्या एका पिशवीत टाकल्या. दोघांच्या पाळ्या सारख्याच निघाल्या, एक्क्याण्णव आणि एक्क्याण्णव. ती म्हणाली, आधी असं धरायचं की हा माणूस निर्दोष आहे आणि चोरीचा पाळीशी काही संबंध नाही. मग निव्वळ योगायोगाने त्याच्या नऊ किंवा जास्त चिठ्ठ्या किती वेळा येतात ते बघायचं. डोळे मिटून अकरा चिठ्ठ्या काढायच्या, मोजायच्या, परत टाकायच्या. असं शंभर वेळा.

आमचे हवालदार चिठ्ठ्या काढताना मला म्हणाले, "साहेब, हे आधी कळलं असतं तर गणपतीच्या लकी ड्रॉमध्येच आरोपी काढला असता." सगळे हसले. मीही हसलो, कारण मोजणी माझ्या बाजूने चालली होती. शंभरात नऊ किंवा त्याहून जास्त आले फक्त तीनदा.

"म्हणजे योगायोग नाही," मी म्हणालो.

"योगायोग नाही, इतकंच," ती म्हणाली. "त्याने केली, असं ही पिशवी सांगत नाही. त्याच्या पाळीसोबत आणखी काय येतं, ते तुम्ही मला सांगा. वाडी तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा मला तो जबाब आठवला. बाजार. मी कॅलेंडर घेऊन बाजाराचे दिवस मोजले: सव्वीस. त्यांतले वीस पाड्यावरच्या माणसाच्या पाळीचे. सहा वेळा सोबत्याची बायको आजारी होती म्हणून तो स्वतः पाळीवर होता. मग अकराही गुन्ह्यांच्या तारखा लावून पाहिल्या. एकूण एक बाजाराच्या दिवशीच्या. सोबत्याच्या पाळीतल्या दोन चोऱ्यासुद्धा.

तिने फक्त बाजाराच्या सव्वीस चिठ्ठ्या पिशवीत ठेवल्या आणि पुन्हा काढायला सांगितलं. आठ. नऊ. आठ. नऊ. दहा. ज्या नऊचा मी पुरावा करून बसलो होतो, तो नऊ आता पिशवीतून सहज बाहेर येत होता. हवालदारांचं हसणं थांबलं होतं.

नंतर तिने लॅपटॉपवर एकशे ब्याऐंशी ओळी भरल्या. चोरी झाली की नाही, पाळी कोणाची, बाजार होता की नाही. दोन्ही कारणं एकत्र मांडली तर प्रत्येकाचा स्वतःचा भार किती, ते अशा हिशेबात वेगळं निघतं, असं तिने सांगितलं. याला ती रिग्रेशन म्हणत होती. बाजाराचा भार मोठा आला, आणि पाळीचा जवळजवळ शून्य. तीन दिवस मी त्या माणसाला समोर बसवून जे विचारत होतो, त्याचं उत्तर मुकादमाच्या वहीत आधीपासून लिहिलेलं होतं.

अटकेचे कागद मी बाजूला ठेवले. पण निर्दोष आहे एवढ्याने मालकांचं समाधान होणार नव्हतं, गुन्हेगार हवा होता. बाजाराच्या दिवशी वाडीत काय बदलतं? मजूर बाजाराला जातात, पाच वाड्यांत एकटा राखणदार उरतो. आणि गुजरातकडून भंगार घ्यायला टेम्पो येतात. पुढच्या बाजाराला गुजरातच्या हद्दीजवळ अच्छाडला नाकाबंदी लावली. दुपारी तीनच्या सुमारास एका टेम्पोत पत्र्यांखाली केबलची वेटोळी सापडली. चालकाने माल देणाऱ्याचं नाव लगेच सांगितलं. तो मालकांचाच मोटार दुरुस्त करणारा वायरमन निघाला. हातात पक्कड असलेल्या माणसाला वाडीत कोणी अडवत नाही. त्याला तर मालकच फोन करून बोलावत. मालकांनी केबलवरचे जोड ओळखले, पंचनामा झाला, आणि अकराही गुन्हे त्याने कबूल केले.

पाड्यावर मी स्वतः गेलो. माझी चूक झाली, असं त्या माणसाला त्याच्या घरच्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "मुकादमाला पण सांगा साहेब. सगळ्यांचं काम बंद ठेवलंय." त्या संध्याकाळी मालकांना ठाण्यात बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाड्यावरची माणसं कामावर होती.

नोकरीत मी पुष्कळ साक्षीदार तपासले. धाडसी पाहिले, फितूर झालेलेही पाहिले. पण बाजार नसताना तो माणूस एकाहत्तर दिवस त्या वाड्यांत राखणीला होता आणि एक वीतभर वायर गेली नाही, यापेक्षा पक्की साक्ष मला कोणी दिली नाही. आणि त्या दिवसांपैकी एकाचीही नोंद माझ्या ठाण्यात नव्हती.