सात वेळा दाबलेलं बटण

आमच्या सासूबाई शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासतात. बावीस वर्षं झाली. शर्ट टेबलावर आला की आधी कॉलर, मग काज-बटणं, मग बगलेची शिवण. टाका सुटलेला दिसला की तिथे बाणाचं लाल स्टिकर लावायचं आणि शर्ट परत. माघारी सगळे त्यांना ‘भिंग’ म्हणतात. शिवणाऱ्या बायका कुरकुरतात, पण स्टिकर लागल्यावर वाद कुणी घालत नाही, कारण बाणाच्या टोकाशी दोष असतोच. मी घातलेल्या चादरीच्या घडीतही त्यांना खोट सापडते, ते सोडा.

अशा बाईला वर्षभर कुणी खरं मानलं नाही, याचा मला अजून राग येतो. थोडा स्वतःचाही येतो. त्यांच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि दहा-पंधरा मिनिटांत आलं तसं निघून जायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके सरळ. ईसीजी दरवेळी नॉर्मल. नेहमीच्या डॉक्टरांनी वय काढलं, काळजी काढली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मीही त्यांना म्हणाले होते की आई, फार मनावर घेऊ नका. त्या माझ्याकडे एकदा बघून कामाला निघून गेल्या.

मग त्या कारखान्याच्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. कपाळाला चार टाके पडले. मालकांनी सांगितलं, नेमकं काय होतंय ते कळेपर्यंत घरी बसा. कळलं नाही तर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या घड्यांत खोट काढणंही सोडलं. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. हृदयाच्या ठोक्यांचे वेगळे डॉक्टर असतात, हे मला तोवर माहीतही नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठाण मांडून चिठ्ठी मिळवली, दीड महिना नंबराची वाट पाहिली आणि दोन बस बदलून मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. सासूबाईंच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला ठोके नोंदवणारी एक डबी अडकवली. धडधडलं की डबीवरचं बटण दाबायचं, बाकी दिवस रोजच्यासारखा घालवायचा. सासूबाईंनी काय करावं? घरी येऊन पलंगावर आडव्या झाल्या त्या दुसऱ्या दिवशी डबी काढेपर्यंत. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नाही. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. मी चिडून विचारलं, असं का केलंत?

“अगं, दाखवायला न्यायचा माल इस्त्री करूनच नेतात ना?”

“आई, आपल्याला दोष दाखवायचाय.”

त्या चक्क ओशाळल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला आणि सांगितलं, चूक माझी आहे, डबी पुन्हा लावा.

या वेळी डबी सात दिवसांची होती. मालकांना सांगून त्यांनी आठवड्यापुरतं आपलं टेबल तळमजल्यावर मांडून घेतलं. कामाला गेल्या, घरी बादल्या उचलल्या, माझ्याशी दोनदा भांडल्या. मी कुठेही असले तरी माझा डोळा त्यांच्या कमरेकडे.

आठव्या दिवशी डॉक्टरबाईंनी डबीतलं सगळं पडद्यावर उलगडून पाहिलं. बटण सात वेळा दाबलेलं होतं आणि सातही वेळा ठोके मिनिटाला एकशे ऐंशीच्या वर गेले होते.

“बहुतेक पेशंट घाबरून उगाचही बटण दाबतात,” त्या म्हणाल्या. “तुमचं एकही चुकलेलं नाही.”

“चांगल्या मालाला मी लाल खूण लावत नाही, डॉक्टर.”

अभिमानाने माझा ऊर भरून आला. त्या नेहमीच्या डॉक्टरांना हाताला धरून तिथे आणावं, असं वाटलं.

हृदयात ठोक्याची वीज जाते, तिला सासूबाईंच्यात जन्मापासून एक जादा वाट होती. मधूनच ठोका तिच्यात शिरून गरागरा फिरत राहायचा. मांडीच्या शिरेतून बारीक वायर आत नेऊन ती वाट जाळायची होती. सासूबाईंनी कागदावरची ओळ न् ओळ वाचून मग सही केली. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

दोन तासांनी डॉक्टरबाई खाटेशी येऊन म्हणाल्या, काम झालं. सासूबाई अर्धवट गुंगीत होत्या, तरी डोळे उघडले.

“पुन्हा तपासलंत?”

“अर्धा तास थांबून. औषध देऊन, मुद्दाम ठोके वाढवून पाहिले. धडधड परत उठली नाही.”

कॉलर बघतात तसं त्यांनी डॉक्टरबाईंकडे नीट निरखून पाहिलं.

“मग पास,” म्हणाल्या आणि डोळे मिटले. दुसऱ्याने तपासलेलं त्यांनी स्वतः न बघता मान्य केलं, असं बावीस वर्षांत तेवढं एकदाच झालं.