रेंज नसलेल्या गावाने ऑनलाइन का निवडलं

एकवीसच्या एकवीस फॉर्मांवर 'ऑनलाइन'च्या चौकोनात टिक होती. मी गठ्ठा दुसऱ्यांदा चाळला. एकही फॉर्म वेगळा निघाला नाही.

"मॅडम, हे गाव काही समजून नाही राह्यलं," आमचे क्लार्क खंडारेबाबू म्हणाले. "ऑनलाइन तासाले तिथले दोन लेकरं राहतात. अन् पसंती एकवीस जणायची."

कोरोनाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. नववी-दहावीचे वर्ग पुन्हा उघडायचे, पण पालकांनी लिहून दिलं तरच, असा आदेश होता. त्यासाठी संमतीपत्र नावाचा एक पानाचा फॉर्म प्रत्येक घरी गेला. त्यावर दोन चौकोन. एक, पाल्याला शाळेत पाठवू. दुसरा, पाल्य घरून ऑनलाइन शिकेल. एकावर टिक करायची आणि खाली सही. मी डोणगावच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. फॉर्म गोळा करून यादी करायचं काम माझ्याकडे होतं.

बाकी गावांची उत्तरं अंदाजाप्रमाणे आली. डोणगावातल्या ज्या घरांत चांगला फोन आणि वायफाय होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ऑनलाइन निवडलं. खेड्यांतून बहुतेकांनी शाळा निवडली. फक्त हे एक गाव, आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, टेकडीच्या मागे. गावात फोनला रेंज नाही. आणि तरी सगळं गाव ऑनलाइन.

गणित शिकवणाऱ्याला एक खोड असते. उत्तर चुकलंय असं वाटलं की तो आधी रीत बघतो. मी गठ्ठा घेऊन मुख्याध्यापक वानखडे सरांकडे गेले.

"पालकांनी लिहून दिलंय," सर म्हणाले. "पालकांचा निर्णय अंतिम, असं पत्रातच आहे. यादी पाठवून द्या."

"यादी पाठवते सर. पण शनिवारी एकदा जाऊन येऊ का?"

"जाऊन काय विचारणार?"

"काऊन, म्हणून. ऑनलाइनच का?"

सर हसले. मास्कमुळे ते डोळ्यांवरूनच ओळखावं लागलं.

शनिवारी स्कूटी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, वेचणीला आलेला कापूस होता. गावात शिरल्यावर पहिल्याच घरी नववीतल्या मुलाचे वडील भेटले. ऑनलाइन का निवडलं, विचारलं.

"कोरोना हाय ना मॅडम," ते म्हणाले. समोरच्या पारावर आठ-दहा जण खेटून पत्ते खेळत होते. त्यांनी माझी नजर पाहिली आणि लगेच म्हणाले, "चहा घेता का?"

दुसऱ्या घरी म्हणाले, फोन घेतला ना आता, वापरला तं पायजे.

"पण रेंज आहे का?"

"रेंज नाई."

तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "सगळ्यायनं तेच लिहलं, मंग आमीबी तेच लिहलं."

म्हणजे तीन घरं आणि तीन कारणं, आणि खरं एकही नाही. हे मला कळत होतं. खरं काय ते मात्र कळत नव्हतं.

चौथ्या घराकडे जाताना समाजमंदिराच्या ओट्यावरून माझीच वाक्यं ऐकू आली. आवाज मुलीचा होता. ओट्यावर दहा-अकरा मुलं अंतर सोडून बसली होती. दहावीतली पायल उभी राहून वहीतून वाचत होती आणि बाकीची लिहून घेत होती. विषय अंकगणिती श्रेढी, म्हणजे एकसारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांची रांग. हा धडा मी दोनच दिवसांपूर्वी ऑनलाइन घेतला होता.

"इथं घाई करू नका," पायल म्हणाली. सगळ्यांनी ते वाक्यसुद्धा वहीत लिहिलं. हे वाक्य मी वर्गात सारखं बोलते, हे मला त्या दिवशी समजलं.

मला पाहून मुलं उठली. मी पायलची वही मागितली. एका उदाहरणात माझी रीत अर्ध्यात तुटली होती आणि पुढे भलत्याच वाटेने उत्तर काढलेलं होतं. उत्तर बरोबर होतं.

"हे मी असं शिकवलं नव्हतं."

"तिथं रेंज गेली होती मॅडम," ती म्हणाली. "मंग मीच केलं."

तिने सगळं सांगितलं. टेकडीवर तिच्या वडिलांची तुरीची पट्टी आहे. तिथे बांधावरच्या एका दगडापाशी फोनला दोन दांड्या रेंज येते. वडील सकाळी कामाला जाताना तिला आणि नववीतल्या तिच्या चुलत बहिणीला सोबत नेतात. दोघी तास ऐकतात, लिहितात, आणि संध्याकाळच्या आत खाली येऊन बाकीच्यांना सांगतात. आमच्या हजेरीत दिसणारी दोन लेकरं म्हणजे याच दोघी. ज्या गावाने शाळेत यायला नाही म्हटलं होतं, त्या गावात रोज ओट्यावर वर्ग भरत होता.

मग तर मला आणखीच कोडं पडलं. एकत्र बसायची भीती नाही, शिकायची इच्छा आहे, मग शाळेच्या चौकोनात टिक का नाही?

उत्तर पायलच्या आईने दिलं. सुनीताबाई अंगणात सुपात हरभरा पाखडत होत्या. पायलचे वडील रामेश्वर नुकतेच शेतातून आले होते. मी कोरा फॉर्म पुढे ठेवला आणि विचारलं. सुनीताबाईंनी हात पुसले, फॉर्म घेतला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. अडखळत पण स्वच्छ वाचलं, "पाल्याची शाळेत ने-आण करण्याची जबाबदारी पालकाची राहील."

"बरं, मग?"

"एसटीची गाडी बंद हाय मॅडम. टाळेबंदीपासून एकबी फेरी नाई. गावात मोटारसायकली चार घरी. रोज नऊ किलोमीटर लेकरं कोण नेईन? अन् इथं सही मागता तुमी. सही केली अन् पोरगं पोचलं नाई, तं आमी खोटे पडलो. तुमी नाव कापसान."

"असं नाव कोणी कापत नाही."

"मागं एकाचं कापलं होतं," रामेश्वर म्हणाले. "गैरहजर म्हणून."

मला ते माहीत होतं.

"मग दोन्ही चौकोन रिकामे ठेवायचे," मी म्हटलं.

"मंग पोरीले शिकाचंच नाई, असं नसतं धरलं तुमी?" सुनीताबाई म्हणाल्या.

धरलं असतं. खंडारेबाबूंनी रिकामे फॉर्म वेगळे काढून त्यांवर 'प्रतिसाद नाही' अशी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी मीच लिहून दिली होती.

गावाने पारावर बसून विचार केला होता. शाळेवर टिक केली तर पाळता न येणारी जबाबदारी अंगावर येते. काहीच नाही केलं तर पटावरून, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातून, नाव जाण्याची भीती. ऑनलाइनवर टिक केली की कोणी काही विचारत नाही आणि नाव राहतं. त्यांच्यापुढच्या दोन चौकोनांतला सगळ्यात सुरक्षित त्यांनी निवडला. त्यात रेंजचा संबंधच नव्हता.

"गाडी सुरू झाली तर पाठवाल?" मी विचारलं.

"सगळे पाठवतीन," रामेश्वर म्हणाले. "आमचं सोडून."

सुनीताबाईंनी सूप खाली ठेवलं. "आमचं काऊन सोडून?"

"तुले माहीत हाय."

सुनीताबाईंना दमा होता. त्या उन्हाळ्यात दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. कोरोना नव्हता, पण दवाखान्यात जायचीच भीती वाटावी असे ते दिवस होते. पंप कायम कमरेच्या पिशवीत असायचा.

"माह्यापायी पोरीची दहावी घालवता का?" त्या म्हणाल्या. "मी नववीतून निघाली. मले माहीत हाय निघाल्यावर कसं वाटते ते."

"दहावी फिरून देता येते, सुनीता," रामेश्वर म्हणाले.

मी पायलकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"तुला काय वाटतं?"

"मले शाळेत यावंसं वाटते," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पण मी नाई येणार."

इतक्या फॉर्मांमध्ये खरोखर विचार करून, दोन्ही बाजू तोलून ऑनलाइन निवडलेलं मला दिसलेलं हे पहिलं घर. सल्ला द्यावा असं मला वाटलं नाही. माझ्या घरी सासरे ऐंशीच्या पुढचे होते आणि मी रोज शाळेतून आले की अंगणातच कपडे बदलत होते.

सोमवारी मी तालुक्याच्या एसटी आगारात गेले. आगार व्यवस्थापक भला माणूस होता. त्याने बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"फेरी सुरू करायला माझी काहीच ना नाही, मॅडम. फक्त भारमान दाखवा." भारमान म्हणजे बसच्या किती सीटा भरणार याचा हिशेब. रिकामी गाडी चालवल्याचं उत्तर त्यालाही वर द्यावं लागतं.

"वीस विद्यार्थी आहेत."

त्याने फाइल उघडली. एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. कुठून किती विद्यार्थी येणार याची आमच्याच शाळेची यादी. त्या गावापुढे माझ्याच अक्षरात शब्द होता, 'निरंक'. सरकारी भाषेत निरंक म्हणजे शून्य.

"तुमच्या कागदाप्रमाणे तिथून कोणी येणारच नाही," तो म्हणाला. "मग गाडी कोणासाठी सोडू?"

बस नाही म्हणून पालकांनी शाळा निवडली नाही. पालकांनी शाळा निवडली नाही म्हणून बस नाही. वर्गात असं उदाहरण घातलं असतं तर मुलं म्हणाली असती, मॅडम, हे सुटत नाही.

परत आल्यावर सरांना सांगितलं. खंडारेबाबू बाजूला उभे होते.

"नमुना वरून आलेला आहे," सर म्हणाले. "त्यात बदल करता येत नाही."

"बदल नको सर. सहीच्या खाली चार बोटं जागा आहे. तिथे पालक आपल्या हाताने एक ओळ लिहितील. 'सकाळची बस सुरू झाल्यास शाळेत पाठवू.'"

"नमुन्याबाहेर लिहिलेलं कोण वाचते मॅडम?" खंडारेबाबू म्हणाले.

"आगारवाले वाचतील. त्यांना तेवढंच पाहिजे."

सर बराच वेळ फॉर्म उलटासुलटा करत राहिले. नियम मोडणारा तो माणूस नव्हता. मग त्यांनी विचारलं, "रोज बस देतील?"

"रोजचं कठीण दिसतं."

त्या वेळी एका बाकावर एकच विद्यार्थी बसवायचा होता. म्हणून वर्ग दोन तुकड्यांत एक दिवसाआड यायचा आणि तुकड्या आडनावांच्या अक्षरांवरून पाडल्या होत्या. सरांनी पेन्सिल घेतली. "त्या गावाची सगळी मुलं एकाच तुकडीत टाका. मग आठवड्यातून तीनच दिवस गाडी लागेल, आणि ती भरून येईल." हे मला सुचलं नव्हतं. गणित माझं, पण वेळापत्रक त्यांचं.

नवे फॉर्म घेऊन मी पुन्हा गेले. वीस जणांनी ती ओळ लिहिली. काहींनी पायलकडून लिहून घेतली आणि खाली सही केली. सुनीताबाईंनी जुन्याच फॉर्मवर बोट ठेवून सांगितलं, "आमचा तोच राहू द्या." रामेश्वरांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला. त्या दोघांचं आधी काय बोलणं झालं होतं ते मी विचारलं नाही.

बस सुरू व्हायला दोन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी गेटवर तापमान मोजायची बंदूक घेऊन उभी होते. वीसपैकी सतरा उतरले. तिघं कापूस वेचायला गेले होते, ते पुढच्या आठवड्यात आले. दहावीच्या मुली आळीपाळीने वह्या नेऊन पायलच्या घरच्या ओट्यावर ठेवू लागल्या. सोमवारी गेलेली वही बुधवारी परत यायची, काही वेळा दुरुस्त होऊन. टेकडीवरचा तास तिने मात्र बंद केला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साथ पुन्हा वाढली. शाळा बंद, बस बंद. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला. पायलची तोंडी परीक्षा मी तिच्या अंगणात घेतली, दोघींच्या मध्ये एक खाट ठेवून. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पहिली आली नाही. पुढे तिने मेहकरला अकरावी सायन्सला नाव घातलं.

सुनीताबाईंना कोरोना झाला नाही. तो पायल घरी राहिली म्हणून झाला नाही, की तसाही झाला नसता, हे मला सांगता येत नाही. बसने आलेल्या मुलांच्या घरांपैकी दोन घरी आजार शिरला. तो शाळेतून आला की पारावरून, तेही कळलं नाही. गणितात याला माहिती अपुरी म्हणतात आणि उदाहरण सोडून देतात. पालकांना मात्र सोडून देता येत नव्हतं. त्यांना टिक करायची होती.

मी त्यातून एवढंच घेतलं. तेव्हापासून शाळेतून कुठलाही फॉर्म निघाला की मी तळाशी दोन रेघा मारते आणि वर लिहिते, 'आणखी काही सांगायचं असल्यास'. बहुतेक जण त्या कोऱ्या ठेवतात. परवा सहलीच्या संमतीपत्रावर एका वडिलांनी लिहिलं, "सहल करा, पण आधी मुलींचा संडास दुरुस्त करा." सहल ठरल्याप्रमाणे झाली. संडासही दुरुस्त झाला, सहलीनंतर दोन महिन्यांनी.